गच्चीवरून आर वाय टॉरी: नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ च्या नोंदी

ठिकाण: मानेवाडा, नागपूर. तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, दक्षिणेला शेजारची अपार्टमेंट, उत्तरेला आमचीच पाण्याची टाकी.

काम: वृषभेतल्या आर वाय टॉरी या तान्ह्या ताऱ्याचा उजेड रोज रात्री मोजायचा आणि तो कसा कमीजास्त होतो ते पाहायचं. माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे, खगोलशास्त्र शिकलेलो नाही. कोणाला असंच काही करायचं असेल तर माझे तीन आठवडे कुठे गेले ते कळावं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. जेवणं उरकून गच्चीवर गेलो तर फटाक्यांच्या धुरात कृत्तिकासुद्धा पुसट. आज फक्त सामान जुळवलं.

दुर्बीण: १३० मिलिमीटर आरशाची न्यूटोनियन, नाभीय अंतर ६५० मिलिमीटर. जुनी, १४ हजारांत. स्टँड विषुववृत्तीय, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने फिरणारा, पण हलका. त्याला एका अक्षाची मोटर, ३,८०० रुपये. कॅमेरा दुकानातलाच, कॅनन १२००डी. लग्नाच्या बॅनरचे फोटो काढायला घेतला होता. दुर्बिणीला कॅमेरा जोडायची रिंग ९०० रुपये.

टी टॉरी सोडून आर वाय का, असं पुतण्याने विचारलं. टी टॉरीवरून या सगळ्या जातीला नाव पडलं खरं, पण गेली कित्येक वर्षं तो दहाव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे ताऱ्याच्या उजळपणाचा आकडा) आसपास बसून आहे. शिवाय त्याच्या शेजारी जॉन हाइंडने १८५२ मध्ये शोधलेला तेजोमेघ आहे, मोजताना तो मध्ये येईल. आर वाय टॉरी मात्र हलत्या उजेडाचा तारा. अल्फ्रेड जॉय यांनी १९४५ मध्ये माउंट विल्सनवरून अशा अकरा ताऱ्यांची पहिली यादी केली, तिच्यातही हा आहे. वय काही दशलक्ष वर्षं, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अजून बारसं व्हायचंय. भोवती वायू आणि धुळीची चकती, तिच्यातला माल अजून ताऱ्यावर पडतो आहे. ती चकती आपल्याला बरीच कडेच्या बाजूने दिसते, त्यामुळे तिच्यातली धूळ मधूनमधून ताऱ्याच्या आड येते. माझ्या दुर्बिणीत चकती दिसणार नाही. उजेड हलेल तेवढाच दिसेल.

६ नोव्हेंबर

पहिला दणका. फोकस होत नाही. फोकसर पूर्ण आत घातला तरी गुरू म्हणजे भलीमोठी वाटी. आयपीसमधून डोळ्याने पाहिलं की सगळं टाचणीसारखं, कॅमेरा लावला की वाटी.

दोन तास मी रिंगेला शिव्या घातल्या. रिंगेचा दोष नव्हता. कॅननच्या बॉडीत सेन्सर तोंडापासून ४४ मिलिमीटर आत असतो, रिंगेचे अकरा मिलिमीटर त्यात मिळवा. म्हणजे प्रतिमा जिथे तयार होते त्याच्या बरंच मागे सेन्सर जाऊन बसतो. डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेल्या स्वस्त न्यूटोनियनला हे दुखणं असतंच. घेण्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारायचं होतं की कॅमेऱ्याने फोकस होते का. मी किंमत तेवढी विचारली.

१० नोव्हेंबर, रविवार

प्रतिमा बाहेर येत नसेल तर आरसा पुढे न्यायचा. इतवारीतून अडीच इंची बोल्ट तीन, नट सहा, जाड स्प्रिंगा तीन, सगळे मिळून ११० रुपये. आरशाचं बूड उघडलं, जुने बोल्ट काढले, लांब टाकले आणि आरसा नळीत जवळपास तीस मिलिमीटर वर सरकवला. पहिल्या स्प्रिंगा मऊ निघाल्या. दुर्बीण वर केली की आरसा एका बाजूला मान टाकायचा. पुन्हा इतवारी. दुसऱ्या स्प्रिंगा कडक.

मग आरसे जुळवणं. त्याला वेळ किती लागला ते लिहीत नाही, घरचे वाचतात.

रात्री फोकस झाला. पण प्रत्येक दुरुस्ती आपली किंमत मागते. आरसा पुढे आला की छोट्या तिरप्या आरशावर येणारा प्रकाशाचा शंकू रुंद पडतो, थोडा बाहेर सांडतो, आणि फोटोचे कोपरे काळवंडतात. हे कोपरे पुढे नडणार आहेत.

१५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. कार्तिकातली पौर्णिमा म्हणजे चंद्र कृत्तिकांपाशी, महिन्याला नावच त्यावरून पडलेलं. आणि माझा तारा कृत्तिकांपासून दहा अंशांच्या आतच. आईने टाकीच्या कठड्यावर त्रिपुर वाती लावल्या, मी दुर्बिणीवर कापड टाकलं. कॅलेंडर आधी पाहिलं असतं तर सुट्टीची रात्र वाया गेली नसती.

१६ ते १९ नोव्हेंबर

१८ तारखेला विधानसभेचा प्रचार संपेपर्यंत दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एक बरं झालं, फ्लॅटचा प्रश्न दुकानातच सुटला.

फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचा फोटो. कोपरे किती काळे आहेत, सेन्सरवर कुठे धूळ आहे, ते त्यावरून कळतं, आणि ताऱ्यांचा फोटो त्याने भागला की सगळी फ्रेम एका पातळीवर येते. लोक पांढरा टी-शर्ट ताणून पहाटेचं आकाश वापरतात. मी बॅकलिट फ्लेक्सचा तुकडा, मागे दुकानातले एलईडी मॉड्यूल, अशी पेटी केली. उजेड जास्त झाला म्हणून डिमर लावला. फोटोत झेब्र्यासारखे पट्टे आले. डिमर उजेड कमी करत नाही, तो दिवा भराभर चालू-बंद करतो, आणि कॅमेऱ्याचं शटर ते पकडतं. डिमर काढला, फ्लेक्सचे दोन थर जास्त लावले. पट्टे गेले. खर्च शून्य, कतरणीत भागलं.

२१ नोव्हेंबर

काल मतदानाची सुट्टी होती. दिवसभर ध्रुव जुळवणीची, म्हणजे स्टँडचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्याची, उजळणी केली, संध्याकाळी लक्षात आलं की ध्रुवच दिसत नाही. नागपूरचा अक्षांश २१, म्हणजे ध्रुव क्षितिजावर २१ अंशच. आमची टाकी नेमकी तिथे. टाकी नसती तरी उत्तरेला कोराडीकडचा झगमगाट आणि धुरकट थर आहेच. मग तारा दुर्बिणीत कुठल्या बाजूला सरकतो ते पाहून अक्ष थोडाथोडा फिरवत नेला. पहिल्यांदा दीड तास लागला. जमलं तेव्हा गच्चीच्या फरशीवर तिन्ही पायांभोवती ऑइल पेंटने गोल करून ठेवले. दुसऱ्या दिवसापासून तेच काम दहा मिनिटांचं झालं. या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात शहाणा खर्च तो पेंटचा छोटा डबा.

आज पहिले फोटो. वीस सेकंदांचे चाळीस, आयएसओ ८००, रॉ फाइल. सतरा बाद, कारण वारा आणि मी चालताना हलणारी गच्ची. आता मोजणी चालू असताना खुर्चीवरून उठायचं नाही.

जेपीईजी चुकूनही वापरू नका. कॅमेरा फोटो सुंदर करायला स्वतःच्या मनाने उजेड वाकवतो. बॅनरवर ते चालतं.

२३ नोव्हेंबर

निकाल. रात्रभर फटाके, गुलाल, डीजे. धुरामुळे काम बंद.

२४ नोव्हेंबर, रविवार

मोजणी सुरू. पद्धत थोडक्यात: फोकस मुद्दाम किंचित बिघडवायचा, म्हणजे तारा चार-सहा पिक्सेलवर न बसता पसरतो. फक्त हिरवा रंग घ्यायचा. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये फोटो जुळवून बेरीज करायची. मग आपल्या ताऱ्याचा उजेड शेजारच्या स्थिर ताऱ्याशी ताडून पाहायचा.

अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, आपल्यातले लोक आव्सो म्हणतात, त्यांच्याकडून आर वाय टॉरीचा नकाशा घेतला. त्यावर ज्यांची प्रत ठरलेली आहे असे तुलनेचे तारे खुणा करून दिलेले असतात. त्यातला एक घेतला, त्याला अ म्हणू. दुसरा, ब, माझ्या काळ्या कोपऱ्यात जात होता, म्हणून सोडला. त्याऐवजी तपासणीसाठी फ्रेमच्या पश्चिम कडेला असलेला, जवळजवळ तेवढाच उजळ एक तारा मीच निवडला. त्याला क म्हणू. आर वाय टॉरीपासून अंदाजे दीड चंद्राएवढं अंतर. नकाशा एक अंशाचा होता, क त्याच्या बाहेर पडत होता. मी म्हटलं, तारा तो तारा.

आर वाय टॉरी: १०.२. क: १०.७६.

२५ ते २९ नोव्हेंबर

आर वाय टॉरीचं सोडा, तपासणीचा क तारा नाचतो आहे. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी: प्रतीचा आकडा वाढला म्हणजे तारा मंद झाला.

२४ ला १०.७६
२५ ला १०.८९
२६ ला १०.७७
२७ ला १०.८८
२८ ला १०.७८
२९ ला १०.८६

एक दिवस उजळ, एक दिवस मंद. माझी चूक जास्तीत जास्त ०.०२ ची असेल, हा फरक त्याच्या पाच-सहा पट.

शंका १: दव. आरशावर पाणी धरतं का? हेअर ड्रायर फिरवला. फरक नाही.
शंका २: फ्लॅट. नवे काढले. फरक नाही.
शंका ३: बॅटरी एक दिवसाआड चार्ज करतो. रोज केली. फरक नाही.

शंका ४ सापडली आणि मी टाळी वाजवली. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये बोअरची मोटर एक दिवसाआड रात्री लावतात, तेव्हा गच्चीवरचा हॅलोजन जळतो. २५, २७, २९. अगदी त्याच रात्री क मंद! शिवाय क ज्या कडेला, त्या कडेच्या बाजूनेच तो उजेड नळीत शिरतो, असं माझं मत झालं.

खरं तर मोजताना ताऱ्याभोवतीच्या आकाशाचा उजेड वजा होतोच. हॅलोजनने सगळी कड उजळली तरी ताऱ्याचा आकडा १२ टक्क्यांनी पडायचं कारण नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण एक दिवसाआड जळणारा दिवा समोर असताना वजाबाकी कोण आठवतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या काकांकडे गेलो.

"काका, तो हॅलोजन जरा खाली वळवता का? माझा तारा मंद होऊन राहिला."

काका माझ्याकडे पाहतच राहिले. "माह्या हॅलोजननं तुमचा तारा मंद होते? किती दूर हाय तो?"

"साडेचारशे प्रकाशवर्षं."

"आन हॅलोजन चाळीस वॅटचा एलईडी. बरं हाय बा."

वळवायला नाही म्हणाले, मोटरीपाशी घसरून पडायला होतं. शेवटी दिव्याच्या आमच्या बाजूला प्लायवूडचा आडोसा लावायचं ठरलं. प्लायवूड, दोन पट्ट्या, सुताराची मजुरी: ८६० रुपये. काका भले माणूस, अर्धे त्यांनी दिले.

१ आणि २ डिसेंबर

३० ला १०.८१. १ ला १०.८३. २ ला १०.८३.

नाच थांबला! १ तारखेला मोटर चालू होती, तरी काही नाही. दोष हॅलोजनचाच. बायकोला आकडे दाखवले, ती म्हणाली झोपा आता. सकाळी काकांना तर्री पोहे खाऊ घातले.

३ आणि ४ ला दुकानात मशीनचं हेड बसलं, घरी यायलाच बारा वाजले.

७ डिसेंबर, शनिवार

आज गुरू सूर्याच्या बरोबर समोर, वृषभेतच, भलताच झळाळतो आहे. गल्लीतली पोरं गच्चीवर. गुरूचे चार चंद्र दाखवले, मग पट्टे, मग "काका, शनी दाखवा ना". दुर्बीण हलवली की जुळवणी जाते. ऑइल पेंटच्या गोलांनी वाचवलं.

आता वाईट बातमी.

५ ला १०.७८
६ ला १०.८८
७ ला १०.७६

नाच परत सुरू. आणि उलटा! मोटर ५ आणि ७ ला होती. म्हणजे आता हॅलोजन लागतो त्या रात्री तारा उजळ. प्लायवूडने उजेड कमी करण्याऐवजी वाढवला काय?

८ डिसेंबर

१०.८९. मोटर बंद, तारा मंद.

आज जे केलं ते २५ नोव्हेंबरलाच करायला हवं होतं. कोपऱ्यातला ब तारा, ज्याला काळा कोपरा म्हणून मी टाकून दिला होता, तो साऱ्या जुन्या फोटोंत मोजला. फ्लॅट नीट लावले की कोपरा तेवढा वाईट नव्हता. अ आणि ब मधला फरक तेरा रात्री जागचा हलला नाही, ०.०२ च्या आत. मग कॅमेरा ठीक, आरसा ठीक, दव ठीक, हॅलोजन ठीक. गडबड एकट्या क मध्ये.

१० डिसेंबर

क चे आकाशातले पत्ते काढले आणि आव्सोच्या रूपविकारी, म्हणजे उजेड कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या सूचीत टाकले.

व्ही ४१० टॉरी.

मी तपासणीसाठी, स्थिर म्हणून, जो तारा निवडला होता तो या भागातला नामांकित रूपविकारी तारा निघाला. कालावधी १.८७२ दिवस.

थोडा वेळ नुसता बसलो. मग वहीत हिशेब केला. तारा १.८७ दिवसांत एक फेरी घेतो, मी त्याला २४ तासांनी पाहतो. म्हणजे दर रात्री तो अर्ध्या फेरीहून किंचित पुढे गेलेला असतो. आज उजळ बाजू समोर, तर उद्या मंद बाजू, परवा पुन्हा उजळ. पण ते "किंचित" साठत जातं. सातव्या रात्री दोन्ही बाजू सारख्याच तिरप्या दिसतात, फरक मरतो. चौदाव्या रात्रीपर्यंत क्रम उलटतो. २४ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर, मोजून चौदा. मी प्लायवूड ठोकलं ती सहावी रात्र.

काकांना अजून सांगितलेलं नाही.

११ डिसेंबर

झोप येईना म्हणून वाचत बसलो. यातली गंमत अशी की फ्रेम एकच, तारे दोन, दोन्ही वृषभेच्या त्याच ढगातले, वय दोघांचंही काही दशलक्ष वर्षं. आर वाय टॉरीला चकती आहे. व्ही ४१० ची चकती गेलेली. त्याच्यावर काही पडत नाही, आड येणारी धूळ नाही. त्याच्या अंगावर सूर्याच्या डागांपेक्षा कितीतरी मोठे थंड डाग आहेत आणि तारा भिंगरीसारखा फिरतो. डाग समोर आले की मंद, मागे गेले की उजळ. म्हणून घड्याळासारखा. डाग वर्षागणिक बदलतात, त्यामुळे चढउतार कधी खूप असतो कधी थोडा. माझ्या नशिबी थोडाच आला, ०.१३. जास्त असता तर मला पहिल्या आठवड्यातच संशय आला असता.

आर वाय टॉरीच्या आकड्यांना मात्र शेंडा-बुडखा नाही. आणि तेही आता बाद, कारण मी त्याची प्रत अ आणि क यांच्या सरासरीवरून काढत होतो. नाचऱ्या मापाने मोजलेलं कापड. तेरा रात्री पुन्हा मोजाव्या लागणार, एका रात्रीला चाळीस मिनिटं.

अशा जागी शेजारपाजारचे तारे तुलनेला घेताना जास्त जपायला हवं. हा तान्ह्या ताऱ्यांचा पाळणाघराचा भाग आहे, इथे कोण शांत झोपलंय आणि कोण हातपाय झाडतंय ते सूची पाहिल्याशिवाय कळत नाही.

१२ ते १७ डिसेंबर

चंद्र पुन्हा कृत्तिकांकडे. दुकानात हिवाळी अधिवेशनाचे स्वागताचे फ्लेक्स. रोज रात्री जुन्या दोन-तीन रात्री मोजून काढल्या, एकूण नऊ तास. सुधारलेल्या आकड्यांत आर वाय टॉरी: २४ नोव्हेंबरला १०.२, पुढच्या पाच दिवसांत हळूहळू १०.५, मग तीन दिवसांत परत १०.३.

१८ ते २४ डिसेंबर

सहा रात्री मिळाल्या. आता योजना अशी: तुलनेला अ, ब आणि नकाशावरचा तिसरा, तिन्ही सूचीत तपासलेले. मोजायचे तारे दोन, आर वाय आणि व्ही ४१०. फ्रेम दोन अंश रुंद असल्यामुळे एका दगडात दोन पक्षी. आर वायला मध्यभागी ठेवत नाही, दोघांच्या मधली रिकामी जागा मध्ये ठेवतो, म्हणजे दोघेही काळ्या कोपऱ्यांपासून दूर राहतात.

साडेदहाला वृषभ डोक्यावर येतो. नागपूरहून हा भाग खस्वस्तिकाच्या, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या, जेमतेम सात अंश उत्तरेला, म्हणजे मध्ये हवा सगळ्यात कमी. पण तिथेच स्टँडची पंचाईत: कॅमेरा तिपाईच्या पायाला ठोकतो. १९ ला ठोकला, मोटर अडली, अर्ध्या तासाचे फोटो रेघोट्या. आता मध्यावर येण्याच्या पंधरा मिनिटं आधी थांबायचं, दुर्बीण पलीकडच्या बाजूला उलटवायची, मग पुढे. उलटवल्यावर फ्रेमही उलटी होते, फ्लॅट मात्र तसेच चालतात.

थंडी कडक. कानटोपी, मोजे, थर्मास. कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत निम्मीच चालते, दुसरी खिशात गरम ठेवायची.

२८ डिसेंबर

ढग. मित्राने जाळी दिली होती, रेषा पाडून ताऱ्याचा वर्णपट काढायची, मिलिमीटरला शंभर रेघा. चकतीतून माल पडणाऱ्या ताऱ्यांच्या वर्णपटात हायड्रोजनची लाल रेषा, ६५६३ अँगस्ट्रॉमची, चमकून दिसते. २६ ला प्रयत्न केला होता. दहाव्या प्रतीचा तारा माझ्या हलत्या स्टँडवर पसरवला की जे उरतं त्यात मला रेषा दिसली, पुतण्याला दिसली नाही. पुतण्याचे डोळे तरुण. जाळी परत.

७ जानेवारी

१ तारखेपासून आणखी सहा रात्री. एकूण पंचवीस. उद्यापासून चंद्र वाटेत, त्यामुळे इथेच थांबतो.

व्ही ४१० चे पंचवीस ठिपके १.८७२ दिवसांच्या फेरीत दुमडून लावले, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या. एक मऊ लाट, दोन ठिपके सोडले तर सगळे तिच्यावर. ते दोन मी खुर्चीवरून उठलो त्या रात्रीचे असावेत.

आर वायचे ठिपके कुठल्याही कालावधीत दुमडले तरी भेळ. तळ १०.६, वर १०.२, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवसांत ०.२५ ने घसरण, आणि मग तीन रात्री काहीच नाही. निळ्या रंगात मोजून धुळीमुळे तो लाल होतो का ते पाहायचं होतं. माझ्या निळ्यात गोंगाट एवढा की काही म्हणता येत नाही.

आव्सोकडे दोन्ही ताऱ्यांचे आकडे पाठवले. सोबत टिपेत पहिल्या तेरा रात्री पुन्हा मोजल्याचं लिहिलं, का ते लिहिलं नाही.

हिशेब: दुर्बीण, मोटर, रिंग, बोल्ट आणि स्प्रिंगा, पेंट, प्लायवूडचा अर्धा हिस्सा धरून १९,४००. कॅमेरा दुकानाचा. बुडालेला वेळ: आरसा सरकवण्यात एक रविवार, हॅलोजनमागे दहा रात्री, फेरमोजणी नऊ तास.

१४ जानेवारी

संक्रांत. गच्चीवर सकाळपासून पतंग, स्टँडला दोनदा मांजा गुंडाळला गेला. दुर्बीण खाली आणून ठेवली.

तिळगूळ घेऊन शेजारी गेलो. काकांनी स्वतःच विषय काढला.

"तुमचा तारा सुदरला का मग?"

सांगून टाकलं. तारा स्वतःच पावणेदोन दिवसांत फिरतो, त्याच्या अंगावर डाग आहेत, तुमच्या दिव्याचा काही संबंध नव्हता, आणि ज्या दिवसांत फरक दिसेनासा झाला ते प्लायवूडमुळे नव्हतं.

काकांनी तिळगूळ चावत सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हॅलोजनचा दोष नव्हता?"

"नव्हता जी."

"मंग माहे चारशे तीस रुपये वापस द्या."

दिले. प्लायवूड मात्र तसंच ठेवलं आहे, त्याच्या आडोशाने आता दव कमी पडतं.